विहिरीतलं तेल : सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात पुन्हा पुन्हा येणारी मिसिंग

मुंबईहून नाशिकला परत येत होतो. लतीफवाडी मागे पडली, कसारा घाटाचा चढ लागला आणि गाडी शिंकली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने वरचा गिअर धरून ठेवलेला, आरपीएम पंधराशेच्या आसपास. पाय जरा दाबला तर गिअरच्या दांड्याला बारीक थरथर जाणवली. समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा चार-पाच वेळा लुकलुकला आणि विझला. मागे बसलेल्या आईची झोपसुद्धा मोडली नाही. बायकोने एवढंच विचारलं, "रस्ता खराब आहे की गाडी?" मी म्हणालो, रस्ता.

त्यानंतर दहा महिन्यांत हेच मिसिंगचं दुखणं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल मधूनच न पेटणं, मी तीन वेळा दुरुस्त करून घेतलं. दर वेळी गाडी बरी झाली आणि दर वेळी ते परत आलं. शेवटी सापडलेलं कारण ठिणगी पाडणाऱ्या प्लगमध्येही नव्हतं आणि त्या प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलमध्येही नव्हतं. ज्यांची गाडी अशीच "बरी होऊन परत बिघडते" त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय.

गाडी जर्मन बनावटीची, तीन लिटरची, सहाही सिलिंडर एका रांगेत, टर्बो नाही. सेकंडहँड घेतली तेव्हा मीटरवर ९२,००० किलोमीटर होते. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतोय, कारण हे दुखणं एका कंपनीचं नाहीच. प्लग टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, मधोमध खोल विहिरीत बसलेले आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल, अशी मांडणी असलेल्या कुठल्याही पेट्रोल इंजिनाला ते होऊ शकतं.

पहिली फेरी नोव्हेंबरात झाली. उस्तादांनी, म्हणजे माझ्या मेकॅनिकने, स्कॅनर लावला, कोड आला पी०३०५. पी०३०१ ते पी०३०६ या कोडांमध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. पी०३०० आला तर मिसिंग कधी इथे, कधी तिथे. आमच्याकडे पाचवा सिलिंडर होता. उस्तादांनी शहाण्या माणसासारखं पाचची कॉइल दोनवर आणि दोनची पाचवर लावली, आम्ही विल्होळीपर्यंत चक्कर मारून आलो, तर कोड पी०३०२. म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला. कॉइल बदलली, गाडी लोण्यासारखी.

जानेवारीत पुन्हा पी०३०५.

"साहेब, कॉइल डुप्लिकेट लागली असंल," उस्ताद म्हणाले. मीही मान डोलावली. दुसरी कॉइल, बिल बघून, खोका बघून. मार्चमध्ये पाचच्या जोडीला तीनही आला. तेव्हा कुठे विहिरींमध्ये तेल दिसलं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि सहाही प्लग बदलले. मला वाटलं, आता मूळ सापडलं. ऑगस्टमध्ये घाटात पुन्हा तीच थरथर.

इथे स्वतःची थोडी लाज काढतो. मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्या शॉपच्या भिंतीवर व्हाय-व्हाय ॲनालिसिसचा तक्ता टांगलेला आहे, मशीन बंद पडलं की पाच वेळा "का" विचारल्याशिवाय रिपोर्टवर सही होत नाही. स्वतःच्या गाडीला मात्र पहिल्या "का"लाच पैसे मोजून मोकळा झालो. अदलाबदलीची चाचणी खोटं बोलली नव्हती, कॉइल खरंच गेलेली होती. ती का जाते, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

चौथ्या वेळी मी गाडी लगेच गॅरेजला नेली नाही. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, बोनेट उघडून बसलो. पाच नंबरची कॉइल उपसली तर तिच्या टोकाच्या रबरी नळीवर तेलाचा ओला थर होता. चांगली नळी बोटात दाबली की उसळी मारते. ही भिजलेल्या खोडरबरासारखी फुगून मऊ पडली होती. कापडाने पुसून उन्हात धरली तेव्हा तिच्या अंगावर एक राखाडी रेघ दिसली, पेन्सिलीने काढल्यासारखी, वळणावळणाची, वरपासून खालपर्यंत. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरही तिची जोडीदार काळी रेघ. तीच वीज पळून जायची वाट.

घाटातच का, याचं उत्तरही त्या रेघेत आहे. प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी पडायला किती व्होल्ट लागतील हे सिलिंडरमधल्या दाबावर ठरतं. दाब जास्त, तर व्होल्टेज जास्त. आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद, सिलिंडरमध्ये हवा थोडी, ठिणगी सहज पडते. घाटात कमी आरपीएमवर पाय दाबला की सिलिंडर गच्च भरतो, आणि कॉइलला बराच जास्त जोर लावावा लागतो. तेवढ्या जोरात विजेला प्लगच्या फटीपेक्षा तेलाने खराब झालेल्या रबरातून शेजारच्या ॲल्युमिनियमवर उडी मारणं सोपं जातं. कॉलेज रोडच्या रहदारीत म्हणूनच गाडी एकदम शहाणी. आणि म्हणूनच गॅरेजच्या दारात उभी करून "काय प्रॉब्लेम नाही साहेब" हे ऐकायला मिळतं. नवी कॉइल लावली की रबर ताजं असतं, दोन महिने तग धरतं, मग तेल त्यालाही खातं. मल्टिमीटरने कॉइलचा रेझिस्टन्स मोजून यातलं काही कळत नाही. थंड कॉइल, बिनलोडची, मीटरवर सज्जन दिसते. अंधारात बोनेट उघडून ठिणग्या शोधायचा जुना उपायही फुकट, कारण इथे ठिणगी विहिरीच्या पोटात पडते.

एक मुद्दा सहा सिलिंडरवाल्यांसाठी खास. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. सहा असले की दर १२० अंशांना एक धक्का मिळतो. रांगेतल्या सहामध्ये क्रम सहसा १-५-३-६-२-४ असतो, आणि एक-सहा, दोन-पाच, तीन-चार या जोड्या बरोबरीने वर-खाली होतात, त्यामुळे पिस्टनच्या हालचालीतून येणारे मुख्य हिसके एकमेकांना मारून टाकतात. बॅलन्स शाफ्ट न लावता हे इंजिन गुळगुळीत चालतं ते याच कारणाने. पण त्याचाच तोटा असा की ते दुखणं अंगावर काढतं. तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीचा एक सिलिंडर गेला तर एक तृतीयांश ताकद जाते, गाडी डुगडुगते, शेजारीसुद्धा विचारतात. सहातला एक गेला तर पाच जण ओझं वाटून घेतात. आयडलला ७०० आरपीएमवर मिनिटाला २,१०० स्फोट होतात. त्यातले ३५० गायब झाले तर दांड्याला सेकंदाला सहाएक हलके टोले बसतात, बस्स. रेडिओ चालू असेल तर तेही नाही.

तोवर न जळलेलं पेट्रोल आणि हवा सायलेन्सरकडे जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते. त्याचा आतला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गाभा जास्त तापला तर वितळतो, आणि तो बदलायचा खर्च सहा कॉइलच्या खर्चापेक्षा फार मोठा. त्यामुळे स्थिर पिवळा दिवा म्हणजे "वेळ काढून दाखवा", पण लुकलुकणारा दिवा म्हणजे "आत्ता पाय काढा". घाटात तो लुकलुकला तर गिअर खाली आणा, पाय हलका करा, शक्य तिथे बाजूला थांबा. "गाडी ओढतेय ना, मग चालू दे" म्हणत इगतपुरी गाठू नका. मी गाठलं होतं, म्हणून सांगतोय.

तुमच्या गाडीत तपासायचं असेल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. ॲल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढले तर आटे जाऊ शकतात. चालू इंजिनावर एकेक कॉइल ओढून "कुठली मेली ते बघू" हा खेळ करू नका. तीस-चाळीस हजार व्होल्टचा झटका तर आहेच, शिवाय इसीयूमधलं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं, कॉइल चालवणारं सर्किट उडू शकतं. ओबीडीला (स्कॅनर लावायच्या सॉकेटला) लावायचा साधा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवरचं चांगलं ॲप बऱ्याच गाड्यांत प्रत्येक सिलिंडरची मिसिंग मोजून दाखवतं. तो आकडा घाटात किंवा लोडवर बघा, घरासमोर नाही.

विहिरीत तेल दिसलं तर प्लग लगेच खोलायचा नाही. तो सुटला की वरचं सगळं तेल सरळ सिलिंडरमध्ये. मी मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणली, तिला सलाइनची नळी जोडली आणि आधी तेल ओढून काढलं. पाचच्या विहिरीतून २० मिली निघालं. उरलेलं कापडाने टिपून, ब्रेक क्लीनर मारून, मग कॉम्प्रेसरची हवा. त्यानंतरच गोटी पाना.

व्ही-सिक्सवाल्यांनो (तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा), इंजिन आडवं बसवलं असेल तर तुमच्या मागच्या तीन विहिरी इनटेक मॅनिफोल्डखाली (हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याखाली), केबिनच्या भिंतीला लागून असतात. तिथे हात पोचत नाही म्हणून पुढचे तीन प्लग नवे आणि मागचे तीन मूळचे, असल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. बिल मात्र सहाचं.

आता पुढचा "का". विहिरीत तेल येतं ते टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून. रांगेतल्या सहाचं कव्हर जवळपास दोन फूट लांब, बहुतेक नव्या इंजिनांत प्लास्टिकचं, वर्षानुवर्षं शंभर अंशांच्या तेलाने शेकलेलं. ते वाकतं. बोल्टखालचे रबरी वायसर कडक होतात, मग बोल्ट आवळूनही दाब नीट बसत नाही. (एवढ्या लांबीमुळेच बऱ्याच कंपन्या मधल्या काळात व्ही-सिक्सकडे वळल्या, मर्सिडीजने २०१७ मध्ये सरळ सहा पुन्हा आणलं.) पॅकिंग बदलताना बाहेरची कड आणि विहिरींच्या आतल्या कड्या दोन्ही नव्या हव्यात, वायसर नवे हवेत, आणि कव्हरला स्टीलची पट्टी आडवी लावून ते सरळ आहे का ते बघायला हवं. सिलिकॉन फक्त मॅन्युअल सांगेल तिथे, म्हणजे चेन कव्हरचा जोड येतो त्या कोपऱ्यांत थेंबभर. सगळ्या कडेला सिलिकॉनचं लिंपण केलं की जादा आतल्या बाजूला लोंबतं आणि सुटलेला तुकडा तेलाच्या चाळणीत जाऊन बसतो. बोल्ट छोटे असतात, साधारण १० न्यूटन-मीटरचे. मधून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच.

हे सगळं मार्चमध्ये झालेलं होतं, बऱ्यापैकी नीट झालेलं होतं. तरी पाच महिन्यांत पॅकिंग पुन्हा पाझरलं. नवं पॅकिंग का पाझरतं? आतून कोणीतरी ढकलत असेल तर.

कुठल्याही इंजिनात थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँकच्या चेंबरमध्ये उतरतो. गॅरेजमध्ये त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो अडकू नये म्हणून ब्रीदरची वाट असते: तेलाचे कण वेगळे करून उरलेला वायू इनटेकमध्ये ओढून परत जाळायचा. ही वाट मोकळी असेल तर चेंबरमध्ये किंचित ओढ असते, म्हणजे दाब बाहेरच्या हवेपेक्षा जरा कमी. तुंबली तर दाब वाढतो आणि तेल सगळ्यात कमकुवत कडेतून बाहेर पडतं. ब्रीदरचा पडदा फाटला तर उलटं होतं: इंजिन तिकडून जास्त हवा ओढतं, शिट्टीसारखा आवाज येतो, चालू इंजिनावर तेलाची टोपी उचलायला जोर लागतो, आणि मिश्रण पातळ होऊन पी०१७१ येतो. ॲपमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम (इसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) आयडलला दहा टक्क्यांच्या वर आणि अडीच हजार आरपीएमला खाली आली, तर चोरट्या हवेचा संशय घ्या. मात्र हल्ली पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, हे हिशेबात धरा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई-१० वर सवयीच्या झालेल्या गाडीची ट्रिम नुसत्या इंधनानेच चार-पाच टक्के वर सरकते. ती आयडलला आणि आरपीएम वाढवल्यावर सारखीच वर राहिली तर ते इंधन आहे, भोक नाही.

आमच्याकडे कुठला प्रकार होता? टोपी उचलून हाताने अंदाज घेता येतो, पण मला आकडा हवा होता. गॅरेजमध्ये एवढा कमी दाब मोजायचा गेज नव्हता. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी मागून आणली. पावसाळ्यात काम बंदच होतं. जुन्या बाजारातून त्याच मापाची तेलाची टोपी घेतली, तिला भोक पाडून पितळी निपल बसवलं. नळी यू आकारात लाकडी फळीला बांधली, दोन्ही बाजू दीड-दीड मीटर उंच, तळाशी फक्त हातभर पाणी, बाजूला फूटपट्टी चिकटवलेली. एक टोक टोपीला, दुसरं उघडं. डिपस्टिकच्या नळीला जोडायचा मोह होतो, पण बऱ्याच इंजिनांत तिचं खालचं टोक तेलात बुडालेलं असतं आणि आकडा चुकतो. पाणी जपून, थोडंच घ्या; पडदा फाटलेला असेल तर इंजिन पाणी वर ओढतं. पाणी सरसर चढायला लागलं की नळी लगेच उपटायची.

माझ्या इंजिनाच्या मॅन्युअलप्रमाणे गरम इंजिनावर आयडलला १० ते १५ सेंटिमीटर पाण्याची ओढ हवी. तुमचा आकडा तुमच्या मॅन्युअलचा. फळीवर काय दिसलं? पाणी उघड्या टोकाकडे चढलं, ४ सेंटिमीटर. ओढ नव्हतीच, उलटा दाब. बायकोला पॅडल धरायला सांगितलं, अडीच हजार आरपीएमला ९ सेंटिमीटर. मी दहा मिनिटं त्या पाण्याकडे बघत बसलो. आधीच्या तीन फेऱ्यांचा खर्च त्या फूटपट्टीवर मांडलेला होता.

इनटेक मॅनिफोल्ड सोडवून ब्रीदरच्या नळ्या काढायला पूर्ण दिवस गेला. हे मी उस्तादांच्या गॅरेजमध्येच केलं, त्यांच्या हातांशिवाय जमलं नसतं. तेल वेगळं करणारी डबी उलटी केली तर आतून पिवळट, चहावरच्या सायीसारखा गोळा पडला. परत तेल खाली सोडणारी बारीक नळी गच्च बंद. उस्ताद म्हणाले, "हे तर आपण बघितलंच नव्हतं." मी म्हणालो, "आपण."

साय कुठून आली, तर माझ्याच सवयीतून. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं, त्यातली थोडी वाफ बॅक कॉम्प्रेशनबरोबर खाली उतरते. इंजिन तासभर चांगलं तापलं तर ती उडून जाते. माझा रोजचा प्रवास इंदिरानगर ते अंबड, दहा मिनिटांचा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा पहाटे दहाच्या खाली जातो, सकाळी तेल तापायच्या आत मी पार्किंगमध्ये पोचलेला. पाणी आणि तेल घुसळून साय. त्यात आधीच्या मालकाने तेल १५,००० किलोमीटरने बदललेलं, सर्व्हिस बुक तसंच सांगतं. आठवड्यातून एकदा घाट चढलो की तापलेल्या तेलातून एकदम वायू निघायचा, आणि वाट बंद. तो विहिरींकडेच जाणार.

टोपीखाली साय दिसली की काहीजण लगेच "हेड गॅस्केट गेलं" म्हणून इंजिन खोलायला निघतात. कूलंटची पातळी दोन आठवडे थंड इंजिनावर खुणेने बघा. ती हलत नसेल तर आधी ब्रीदर. आणि ब्रीदर मोकळा करूनही नळीवर दाबच दिसला, तर मग रिंगांकडे वळावं लागतं. लीक-डाऊन चाचणी करून घ्या: पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला ठेवून प्लगच्या भोकातून हवा भरतात. फुसफुस तेलाच्या टोपीतून आली तर रिंग, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटच्या बाटलीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. माझ्या इंजिनावर ती वेळ आली नाही.

ब्रीदर संच नवा टाकला, पॅकिंग पुन्हा बदललं, तीन आणि पाचच्या कॉइल नव्या, इतर चारच्या फक्त रबरी नळ्या. फळी पुन्हा लावली: ओढ, १२ सेंटिमीटर. तेल आता ७,५०० किलोमीटरने किंवा वर्षाने बदलतो, आणि हिवाळ्यात दर रविवारी गाडी त्र्यंबकच्या रस्त्याला तासभर नेतो. आई त्याला देवदर्शन समजते, समजू दे.

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तेव्हापासून मुंबईहून येताना कसारा घाट टाळता येतो, बोगद्यातून सरळ निघता येतं. मी मात्र दुरुस्तीनंतर सहा महिने मुद्दाम जुन्या रस्त्याने आलो. वरचा गिअर, पंधराशे आरपीएम, पाय दाबलेला, मोबाइलवर सहा सिलिंडरचे सहा आकडे. सहाही शून्य. विहिरींत दर तीन महिन्यांनी टॉर्च मारतो, अजून कोरड्या आहेत.

गवंड्याची नळी मात्र परत देता आली नाही, तिला आतून तेलाचा वास लागला होता. दिवाळीनंतर काम सुरू झालं तेव्हा तो मागायला आला. त्याला नवी घेऊन दिली.